60 मिलिलिटरचा हिशेब

“पाच गॉज, 23 ग्रॅम,” वजनकाट्यावरची नजर न हलवता सिस्टर सांगतात. मी भिंतीवरच्या फळ्यावर आधीच्या आकड्याखाली तो आकडा लिहिते. कोरड्या गॉजचं वजन आधीच वजा केलेलं असतं. उरलेला 1 ग्रॅम म्हणजे ढोबळमानाने 1 मिलिलिटर रक्त. टेबलावर 6 महिन्यांचं, 7 किलोचं बाळ आहे. त्याच्या कवटीच्या हाडांमधला एक सांधा, म्हणजे एक शिवण, वेळेआधीच जुळून गेली आहे. मेंदूला वाढायला जागा मिळावी म्हणून कवटी उघडायची, हाडांचे तुकडे काढायचे आणि नव्या आकारात रचून पुन्हा बसवायचे, असं हे काम. मी भूलतज्ज्ञ आहे. शल्यचिकित्सकांचे हात हाडावर असतात, माझं लक्ष त्या फळ्यावर.

या वयात शरीरात किलोमागे सुमारे 80 मिलिलिटर रक्त असतं. म्हणजे या बाळाकडे सगळं मिळून 560 मिलिलिटर. 1 लिटरच्या बाटलीत ओतलं तर बाटली निम्म्याच्या जरा वर भरेल. त्यातलं 60 मिलिलिटर गेलं की दहा टक्क्यांहून जास्त रक्त गेलं. मोठ्या माणसाचं तेवढ्याच प्रमाणात रक्त जायचं तर अर्ध्या लिटरहून जास्त सांडावं लागतं, आणि अर्धा लिटर सांडलं की थिएटरमधला प्रत्येक जण मान वर करतो. 60 मिलिलिटरसाठी कोणी मान वर करत नाही. पाच-सहा गॉज, सक्शनच्या बाटलीच्या तळाशी थोडंसं, चादरीच्या एका कोपऱ्याला ओल, बस्स.

अशा शस्त्रक्रियेत किती रक्त जातं आणि किती चढवावं लागतं, ही थिएटरच्या दाराआडची, तज्ज्ञांनी आपापसात निस्तरायची बाब आहे असं सगळे धरून चालतात. मला हे पटत नाही. त्या फळ्यावरचा शेवटचा आकडा बऱ्याच अंशी दाराबाहेर ठरतो आणि तोही कित्येक आठवडे आधी. लसीकरणाच्या खोलीत ठरतो, रक्तपेढीत ठरतो, रुग्णालयाच्या व्यवस्थापनाच्या टेबलावर ठरतो. मग त्याचा जाबही उघडपणे द्यायला हवा. लहान मुलांच्या कवटीची शस्त्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने आपल्याकडे किती मुलांना रक्त द्यावं लागलं, किलोमागे किती द्यावं लागलं आणि ते किती वेगवेगळ्या दात्यांचं होतं, हे मोजावं आणि पालकांनी विचारण्याआधी त्यांना सांगावं, एवढी माझी मागणी आहे.

शिवण अशी अवेळी जुळण्याला क्रेनिओसिनोस्टोसिस म्हणतात. साधारण 2000 ते 2500 जन्मांमागे एका बाळात हा दोष दिसतो. शस्त्रक्रिया बहुतेक वेळा पहिल्या वर्षातच करावी लागते, कारण मेंदू याच काळात झपाट्याने वाढतो आणि हाड अजून मऊ, वाकवता येण्याजोगं असतं. नेमकं याच काळात बाळाचं रक्त सगळ्यांत पातळ असतं. जन्मानंतर तांबड्या पेशी तयार होण्याचा वेग मंदावतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात निरोगी बाळाचंही हिमोग्लोबिन 10 च्या आसपास येतं. मोठ्यांच्या मानाने हा आकडा कमी, पण बाळाला तो चालतो, फक्त त्याच्यावर आणखी भार पडला नाही तर.

आणि कवटी हा रक्ताने भरलेला अवयव आहे. डोक्याच्या कातडीत रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं, हाडाच्या दोन थरांमधली जाळी स्पंजासारखी रक्त धरून असते, आणि मधल्या शिवणीच्या बरोबर खालून मेंदूची मोठी शीर जाते. ती शीर फाटली तर काही मिनिटांत सगळं संपू शकतं, म्हणून तिच्याबद्दल सगळे सावध असतात. मुलं संकटात येतात ती बहुधा दुसऱ्याच रक्तस्रावामुळे. हाडाच्या कडांमधून संथ, न थांबणारा पाझर चालू असतो. तो धुण्याच्या सलाइनमध्ये मिसळतो, सक्शनमध्ये गुलाबी होऊन जातो, डोक्यामागे चादरींच्या घड्यांत मुरतो. शिवाय उघड्या हाडातल्या शिरांतून हवा आत ओढली जाण्याचा धोका असतो, आणि रक्त कमी पडून शिरांतला दाब उतरला की तो धोका वाढतो.

माझ्या उमेदवारीच्या काळातली एक शस्त्रक्रिया मी विसरलेले नाही. तेव्हा गॉज तोलायची पद्धत तिथे नव्हती. शस्त्रक्रिया उत्तम झाली, नोंदवहीत रक्तस्राव “सुमारे 150” असा लिहिला गेला. मग आम्ही चादरी काढल्या आणि डोक्याखालच्या जेलच्या उशीभोवती एक काळसर, थिजलेलं तळं सापडलं. ते कोणीच धरलं नव्हतं. बाळाची नाडी गेला तासभर चढत होती, आणि भूल हलकी पडत असेल असं समजून आम्ही भूल वाढवत होतो. बाळाचा रक्तदाब शेवटपर्यंत तग धरतो आणि मग एकदम कोसळतो. त्या दिवशी तो कोसळायच्या आत रक्त पोचलं. ते बाळ वाचलं, पण त्यात आमचं कौशल्य थोडं आणि नशीब जास्त होतं. डोळ्यांनी केलेला अंदाज या कामात फसतो, हे तेव्हापासून मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगत आले आहे.

अमेरिकेतल्या अनेक रुग्णालयांच्या एकत्रित नोंदी 2017 मध्ये प्रसिद्ध झाल्या. मोठी, उघडी शस्त्रक्रिया झालेल्या दोन वर्षांपर्यंतच्या मुलांपैकी सुमारे 95 टक्क्यांना रक्त द्यावं लागलं होतं. म्हणजे आजही या शस्त्रक्रियेत रक्त चढवणं हा जवळजवळ नियम आहे. आणि संमतीपत्रात काय लिहिलेलं असतं? “गरज पडल्यास रक्त दिले जाईल.” जे शंभरातल्या पंच्याण्णवांना लागतं त्याला ‘गरज पडल्यास’ म्हणणं ही पालकांची फसवणूक आहे. हेतू वाईट नसेल, तरी आहे.

ही संख्या कमी करता येते, आणि त्याची सुरुवात कागद-पेन्सिलने होते. किती रक्त गेलेलं चालेल, याचं एक साधं गणित आम्ही प्रत्येक मुलासाठी मांडतो. आपल्या 7 किलोच्या बाळाचं हिमोग्लोबिन 10.5 असेल आणि ते 7 पर्यंत उतरू द्यायचं ठरवलं, तर 187 मिलिलिटर गेल्यावर रक्त लावावं लागेल. तेच बाळ 12.5 घेऊन टेबलावर आलं, तर हा आकडा 246 होतो. फरक 59 मिलिलिटरचा, म्हणजे पुन्हा तेच 60. हा फरक लोहाच्या औषधाने, काही आठवडे नेमाने पाजलेल्या थेंबांनी पडू शकतो. काही केंद्रं त्याला तांबड्या पेशींची निर्मिती वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनांची जोड देतात. पण त्यासाठी बाळ भूलतज्ज्ञाकडे शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी येऊन चालत नाही, महिनाभर आधी यावं लागतं. आणि आदल्या संध्याकाळी येतं ते आम्ही बाह्यरुग्ण विभागात भूलतज्ज्ञासाठी खोली आणि वार ठेवलेला नसतो म्हणून. वैद्यकशास्त्र इथे कमी पडत नाही. वेळापत्रक कमी पडतं.

ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड या रक्तस्राव कमी करणाऱ्या औषधाबद्दलही माझं हेच म्हणणं आहे. उताको आणि शोसुके ओकामोतो या जपानी संशोधक दांपत्याने त्याचे गुणधर्म 1962 मध्ये मांडले. जखमेत गोठलेली रक्ताची गुठळी शरीर स्वतःच विरघळवू लागतं. हे औषध त्या विरघळण्याला आळा घालतं. नवी गुठळी ते बनवत नाही, बनलेली टिकवतं. 2011 मध्ये नेमक्या याच शस्त्रक्रियेवरच्या दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या. बोस्टनच्या चाचणीत औषध न मिळालेल्या मुलांचं किलोमागे 119 मिलिलिटर रक्त गेलं आणि औषध मिळालेल्यांचं 65. हा 119 चा आकडा जरा थांबून वाचावा. मुलाच्या अंगात किलोमागे 80 च असतं. म्हणजे असलेलं सगळं गेलं, वर चढवलेल्यातलंही बरंचसं गेलं. फ्रान्समधल्या चाचणीत दोन्ही गटांना आधी एरिथ्रोपोएटिन दिलेलं होतं. तिथे रक्त लागणाऱ्या मुलांचं प्रमाण 70 टक्क्यांवरून 37 वर आलं. जास्त मात्रेत या औषधाने झटके येऊ शकतात, हे खरं आहे. म्हणूनच पुढच्या काळात मात्रा कमी होत गेल्या, आणि कमी मात्राही पुरते असं दिसलं. झटक्यांची भीती असेल तर मात्रा जपून ठरवावी, मुलाचं मूत्रपिंड कसं चालतंय ते बघावं. पण औषध हाताशी असून “आमच्याकडे तशी पद्धत नाही” म्हणून ते न देणं मला समर्थनीय वाटत नाही.

आता माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यांत वजनदार आक्षेप. माझे काही ज्येष्ठ सहकारी म्हणतात, रक्त वाचवण्याच्या या नादात एखादं मूल दगावेल. आकडे जाहीर करायला लावलेत तर रुग्णालयं आकडा चांगला दिसावा म्हणून हात आखडता घेतील. ही भीती पोकळ नाही. भूल दिलेल्या मुलांचं हृदय अचानक बंद का पडतं, याच्या अमेरिकेतल्या नोंदींत रक्तस्रावामुळे शरीरातलं रक्त कमी पडणं हे एक ठळक कारण म्हणून आलं आहे. उशिरा दिलेलं रक्त न दिल्यासारखंच. शिवाय हिमोग्लोबिन 7 पर्यंत उतरू द्यायला हरकत नाही असं आपण ज्या अभ्यासाच्या आधारे म्हणतो, तो 2007 चा 637 मुलांचा अभ्यास अतिदक्षता विभागातल्या स्थिर मुलांवरचा होता. त्यात 7 ची आणि 9.5 ची मर्यादा पाळलेल्या मुलांच्या परिणामांत फरक दिसला नाही, आणि 7 च्या गटातल्या निम्म्याहून अधिक मुलांना रक्त लागलंच नाही. पण त्या मुलांची कवटी उघडी नव्हती. हाडातून रक्त वाहत असताना मघाच्या नमुन्यातला आकडा आत्ताची परिस्थिती सांगत नसतो. तिथे 7 ची वाट बघणारा भूलतज्ज्ञ मला माझ्या मुलासाठी नको.

म्हणून “रक्त कमी द्या” ही माझी घोषणा नाही. वेळेवर द्या, मोजून द्या आणि का दिलं ते लिहा, असं मी म्हणते. हात आखडता घेतला जाईल ही भीती असेल, तर जोडीने दुसरा आकडाही जाहीर करावा: बाळ अतिदक्षता विभागात पोचलं तेव्हा त्याचं हिमोग्लोबिन किती होतं, आणि त्याला रक्तदाब टिकवायची औषधं लागत होती का. सहाच्या हिमोग्लोबिनने, धापा टाकत पोचलेलं बाळ ही एक चूक, आणि 14 च्या हिमोग्लोबिनने पोचलेलं बाळ ही दुसरी. दुसऱ्या चुकीची कोणी चौकशी करत नाही, कारण बाळ गुलाबी दिसतं आणि सगळे समाधानाने घरी जातात. पण 14 चा अर्थ सरळ आहे. त्या बाळाला नको असलेलं परक्याचं रक्त दिलं गेलं.

परक्याच्या रक्ताचं एवढं काय, असं कोणी विचारेल. तपासण्या सुधारल्यापासून रक्तातून येणाऱ्या विषाणूंचा धोका खूप घटला आहे. बाकीचे धोके मात्र आहेत: फुप्फुसांना इजा, शरीरात द्रव जास्त होणं, परक्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊन पुढे आयुष्यात जुळणारं रक्त मिळणं अवघड होणं. यातल्या काही मुलांना पुढे आणखी शस्त्रक्रिया लागतात. ॲपर्ट किंवा क्रूझोन सिंड्रोम, म्हणजे कवटीसोबत चेहऱ्याच्या हाडांचीही वाढ बिघडवणारे जन्मजात दोष, असलेल्या मुलांना तर हमखास. आज टाळलेला एक दाता त्यांना दहा वर्षांनी उपयोगी पडतो.

शस्त्रक्रियेआधीच्या भेटीत बाबा शर्टाची बाही वर सरकवून म्हणतात, “डॉक्टर, दुसऱ्या कुणाचं कशाला? माझंच घ्या, कितीही घ्या.” त्यांना नाही म्हणणं जड जातं. पण जवळच्या नातलगाचं रक्त बाळाला जास्त सुरक्षित असतं, हा समज चुकीचा आहे. वडिलांच्या पांढऱ्या पेशी बाळाच्या पेशींशी इतक्या मिळत्याजुळत्या असू शकतात की बाळाचं शरीर त्यांना परकं म्हणून ओळखतच नाही. त्या आत ठाण मांडतात आणि उलट बाळाच्याच शरीरावर हल्ला करतात. हे क्वचित घडतं, पण घडलं तर त्यातून वाचणं फार अवघड. म्हणून असं रक्त द्यायचंच झालं तर आधी त्याच्यावर किरणांचा मारा करावा लागतो. आईच्या रक्तात तर गरोदरपणात वडिलांच्या पेशींविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं असू शकतात, आणि वडिलांचा वारसा बाळाच्या पेशींतही असतो. मी हे सगळं त्या बाबांना बसवून सांगते. पाच-सात मिनिटं लागतात, आणि मग ते बाही खाली करतात.

साठवलेल्या रक्तात दिवसागणिक तांबड्या पेशींतून पोटॅशियम बाहेर झिरपत राहतं. किरणांचा मारा झाला की ते आणखी वेगाने झिरपतं. मोठ्या माणसाला त्याने सहसा काही होत नाही. पण 7 किलोच्या बाळाला जुनं रक्त मानेच्या मोठ्या शिरेतून घाईघाईने ढकललं, तर ते पोटॅशियम थेट हृदयावर जाऊन आदळतं आणि हृदय थांबू शकतं. हृदय अचानक बंद पडण्याच्या मघाशी सांगितलेल्या नोंदींत हेही कारण आहे. रक्तस्रावाने जेवढं भय, तेवढंच घाईने चढवलेल्या जुन्या रक्ताने. उपाय माहीत आहेत: ताजं किंवा धुतलेलं रक्त मागवा, ते गरम करून द्या, कॅल्शियमवर लक्ष ठेवा आणि मुख्य म्हणजे घाईची वेळ येऊ देऊ नका. पण ताजं रक्त हवं, हे रक्तपेढीला चार दिवस आधी कळायला हवं ना? शस्त्रक्रियेच्या सकाळी चिठ्ठी गेली तर फ्रीजमध्ये असेल ते येतं.

मला सगळ्यांत जास्त खटकते ती पिशवी. मोठ्यांसाठीच्या तांबड्या पेशींची एक पिशवी साधारण 300 मिलिलिटरची. बाळाला एका वेळी लागतात किलोमागे 10 ते 15, म्हणजे 70 ते 105 मिलिलिटर. पिशवी थिएटरमध्ये लावली की चार तासांत संपवायची, उरलेलं टाकून द्यायचं. मग रात्री ड्रेनमधून, म्हणजे जखमेत ठेवलेल्या नळीतून, पाझर चालू राहिला, पहाटे पुन्हा 70 मिलिलिटर लागले, की दुसरी पिशवी, दुसरा दाता. आणि पिशवी लावलेलीच आहे तर संपवून टाकू, असं म्हणून 14 हिमोग्लोबिनची बाळं तयार होतात तीही इथेच. रक्तपेढीने हीच पिशवी आधीच बंद नळीने जोडलेल्या चार छोट्या पिशव्यांत वाटून ठेवली, तर एकाच दात्याचं रक्त थिएटरपासून पुढच्या काही दिवसांपर्यंत पुरतं आणि वायाही जात नाही. हे तंत्र जुनं आहे, माहितीतलं आहे. ते होत नसेल तर विचारायचं कोणाला? शल्यचिकित्सक रक्तपेढीकडे बोट दाखवतात, रक्तपेढी म्हणते अशी मागणीच येत नाही. आकडा कोणाच्याच नावावर नसल्यामुळे असं होतं. ‘प्रत्येक बाळामागे किती दाते’ हा आकडा दर वर्षी रुग्णालयाच्या प्रमुखाच्या सहीने बाहेर गेला, तर चार छोट्या पिशव्या महिन्याभरात येतील.

जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये रुग्णाचं स्वतःचं रक्त जपण्याची व्यवस्था तातडीने उभारा, असं सगळ्या देशांना सांगितलं. बाळांच्या कवटीइतकी त्याची गरज आणखी कुठे असेल असं मला वाटत नाही. वर्षाला दोन-तीनच अशा शस्त्रक्रिया होणाऱ्या ठिकाणांनी मूल मोठ्या केंद्राकडे पाठवावं, असंही माझं स्पष्ट मत आहे. हात कितीही कुशल असोत, हे एकट्या हाताचं काम नाही. काटा बघणाऱ्या सिस्टर, रक्तपेढीतला तंत्रज्ञ, रात्री ड्रेनची बाटली तासातासाला वाचणारी परिचारिका यांना सराव लागतो, आणि सराव संख्येतून येतो.

एक गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली, कारण थिएटरमधल्या आम्हा सगळ्यांच्या हातात मिळून जेवढं नाही तेवढं तिच्यात आहे. डेव्हिड हिमेनेझ आणि कॉन्स्टन्स बॅरोन या अमेरिकी शल्यचिकित्सकांनी 1998 मध्ये दुर्बिणीतून करायची पद्धत मांडली. लहानशा छेदांतून जुळलेल्या शिवणीची पट्टी काढून घ्यायची आणि मग काही महिने खास बनवलेल्या हेल्मेटने डोक्याला आकार द्यायचा. हेल्मेट दिवसातले जवळपास 23 तास घालावं लागतं, आईवडिलांची त्यात कसोटी लागते. पण रक्त फार थोडं जातं आणि बहुतेक मुलांना चढवावं लागत नाही. सगळ्याच प्रकारांना ही पद्धत चालत नाही. अनेक शिवणी जुळल्या असतील तर मोठी शस्त्रक्रिया अटळ असते. एकच शिवण जुळलेल्या बाळांसाठी मात्र ती मोठं वरदान आहे, आणि तिची वेळ तिसऱ्या-चौथ्या महिन्याच्या आसपास असते. सहा महिन्यांनंतर हाड जाड होतं, डोक्याच्या वाढीचा वेग ओसरतो आणि ते दार बंद होतं.

मागे एक आई 9 महिन्यांचं बाळ घेऊन आली. डोकं मागेपुढे लांबट, दोन्ही बाजूंनी दबलेलं. मधल्या शिवणीवरून बोट फिरवलं तर होडीच्या तळासारखी कड स्पष्ट लागत होती. झोपण्याच्या सवयीने डोकं चपटं झालं तर अशी कड लागत नाही. बोट फिरवायला दहा सेकंदही पुरतात. दीड महिन्याचं असतानाच डोकं वेगळं दिसतंय असं तिला वाटलं होतं, आणि तिने विचारलंही होतं. “होईल गोल हळूहळू,” असं उत्तर तिला तीन वेगवेगळ्या ठिकाणी मिळालं होतं. उघडी शस्त्रक्रिया दहाव्या महिन्यात झाली. बाळ साडेआठ किलोचं होतं, म्हणजे अंगात 680 मिलिलिटर. लोह दिलेलं होतं, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड चालू होतं, छोट्या पिशव्या एकाच दात्याच्या होत्या, सिस्टर एकेक गॉज तोलत होत्या. फळ्यावरचा शेवटचा आकडा 410 होता.

घरी सोडण्याच्या दिवशी त्या आईने लसीकरणाचं कार्ड माझ्यासमोर ठेवलं आणि तारखांवर बोट ठेवून विचारलं, “यातल्या कुठल्या वेळी कळायला हवं होतं?” कार्डावर दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या भेटी होत्या. तिन्ही वेळी वजन लिहिलेलं होतं, लशींचे बॅच नंबर लिहिलेले होते. डोक्याच्या आकाराबद्दल, शिवणींबद्दल एक अक्षर नव्हतं, कारण त्या कार्डावर त्यासाठी रकानाच छापलेला नव्हता. मी पहिल्या तारखेवर बोट ठेवलं.